कडेवर

तीस वर्षं मी पॅटर्न केले, उद्यमबागेत,
पंपाचे, व्हॉल्व्हचे, एकदा देवळाच्या घंटेचा.
आमची फूटपट्टी वेगळी असते:
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून केसभर मोठा,
कारण ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं,
ते आक्रसणं आधीच धरून चालायचं.
घरातही मी तसंच मोजतो, इंदू म्हणते.

मग सीएनसी आलं. मी घरी आलो.

भरमा बिर्जे, रिटायर्ड हवालदार, कंग्राळीचा,
गुलमर्गला चार हिवाळे काढलेला,
एका दुपारी खांद्यावर फळी घेऊन दारात.
'काय करूलास बे? हे बघ की जरा.'
लांब, अरुंद, टोकाला किंचित उचललेली,
कमरेत बारीक, दोन्ही बाजूंना पोलादी कड.
मला वाटलं, ऊसगाडीची कसली पट्टी.
'बर्फावरनं जायची. नुसतं घसरत नाही,
पुरी आडवी करून, कडेवर.'
आतून इंदू हसली, 'कडेवर तर पोरं घेत्यात.'
'तेच की वैनी,' भरमा म्हणाला,
'तिनं आपल्याला घ्यायचं असतं.'

मोठे कारखाने ही करत नाहीत म्हणे.
त्यांना रुंद, मऊ हव्यात, पोरांनी उड्या मारायच्या.
ही बर्फ कापणारी मागणारे थोडे, हट्टी,
बहुतेक पन्नाशीपुढचे.
पहिल्या वर्षी दोन गेल्या. मग पाच.
यंदा एकतीस जणांनी विचारलं,
त्यातली एक होक्काइडोची, दातांची डॉक्टर;
कडेचा कोन तिनं असा कळवलाय
जशी मी तिची दाढच बसवणार आहे.

शिवणीचं लाकूड, खानापूरच्या डेपोतलं,
हलकं, रुसत नाही.
मधे बांबूच्या दोन चिपा.
ट्रकचे चार जॅक उलटे बांधून प्रेस केला बसलिंगनं.
तो कानडीत मोजतो, मी मराठीत,
जॅक एकाच वेळी थांबतात.
फळी वाकते किती ते बघायला
दोन स्टुलांवर ठेवून मधोमध
गुळाच्या अडत्याकडची वजनं.
वीसला किती, चाळीसला किती, वहीत.
उणे वीसच्या थंडीत शिवण किती आक्रसते
ते कुणी सांगेना.
मी जुन्या पट्टीनंच मापतो.

बर्फ नाही आमच्याकडे.
एकदा भरमा साखर कारखान्यातल्या
बगॅसच्या डोंगरावरून उतरायला गेला,
वॉचमननं दोघांची नावं लिहून घेतली.

रेणुका म्हणते, आबा, मशीन घेऊ, लोन मिळतंय,
वर्षाला तीनशे होतील.
होतील. पण या एकतीस जणांचं
वजन, बुटाचं माप, डावा पाय पुढे की उजवा,
सगळं वहीत आहे.
तीनशेंची वही होत नाही, गठ्ठा होतो.

परवा पहिल्या वर्षाची एक परत आली,
मनालीहून, धार लावायला.
खोक्यावर आमच्या गावाचं नाव दोन स्पेलिंगांनी,
पोस्टानं दोन्हींवर शिक्का मारलेला.
डावी कड झिजून गेलेली,
उजवी जवळजवळ कोरी.
म्हणजे हा माणूस एकाच अंगाला मनापासून वळतो,
दुसरीकडे भीतभीत.
तळावर एक लांब ओरखडा, मी नख फिरवत गेलो,
शेवटी एकदम खोल:
इथे खाली दगड असणार. इथे तो पडला असणार.
भरमाला दाखवलं. 'होय की,' म्हणाला.
एवढाच बर्फ मी वाचलाय.

डावीला नवी धार लावली.
उजवीला लावण्याजोगं काही नव्हतंच.
रेणुकाला म्हटलं, पत्रात लिही,
उजवीकडे भिऊ नका म्हणावं, ती कड अजून नवी आहे.
'हे हिंदीत कसं लिहू, आबा?'

लिही कसंही.
आणि बसलिंगला सांग, पंखा लावू नको,
रेझिन ओलं आहे, धूळ बसते.